किड्यांचं हॉटेल आणि अठरावा उमेदवार

या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तशी अट माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे श्रीकांतरावांनी घातली आहे. त्यांना तिथे कायम राहायचं आहे, मला फक्त दहा वर्षांतून एकदा जायचं असतं, तेव्हा त्यांचं ऐकते. एवढं सांगते, की गाव जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या जवळ आहे, वस्ती आठ हजारांची आहे आणि लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्यांना गाडी अर्ध्या तासात पोचवते. श्रीकांतराव त्याच गाडीने जातात.

मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान चालवते आणि पाच वर्षं नगरसेविका होते. परगावी गेल्यावर लोक देवळं आणि किल्ले बघतात, मी गटारांची झाकणं बघते. जर्मनीत झाकणं उत्तम आहेत. हे एकदा सांगून टाकलं, म्हणजे पुढे बोलायला मी मोकळी.

पहिल्यांदा गेले तेव्हा माझी भाची मीरा तीन वर्षांची होती. मी तिला गावातल्या बागेत घेऊन गेले. घसरगुंडी होती, झोके होते, वाळूचा हौद होता. अर्ध्या तासाने तिला शू लागली. सगळी बाग पालथी घातली, पण शौचालय नाही. सर्वांत जवळचं राटहाउसमध्ये, म्हणजे त्यांच्या नगरपालिकेच्या इमारतीत, आणि राटहाउस बुधवारी दुपारी बंद. तो बुधवार होता. शेवटी पोरीला झुडपामागे नेलं. एक बाई सायकल थांबवून उतरल्या आणि त्यांनी मला पाच मिनिटं सुनावलं. भाषा कळली नाही, पण सूर आमच्या वॉर्डातलाच होता.

त्यानंतर थेट २०१९ च्या मे महिन्यात गेले. मीरा तेरा वर्षांची झाली होती आणि श्रीकांतराव नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभे होते.

शुक्रवार

नव्या फ्लॅटचा मालक पाहुण्यांना कपाटं उघडून दाखवतो, तसा श्रीकांतरावांनी मला दहा वर्षांचा विकास दाखवला. सुरुवात गावाच्या तोंडाशी असलेल्या चौकात. तिथे आता गोल बेट आहे आणि बेटावर तीन पुरुष उंचीचा लोखंडी कोंब उभा आहे.

"हे काय? रॉकेट?" मी विचारलं.

"शतावरी, ताई. पांढरी. या भागात पिकते. हिच्यावर चार वर्षं चर्चा झाली."

"लावायची की नाही यावर?"

"टोक कुठल्या दिशेला वाकवायचं यावर."

मी हसले नाही. आमच्या चौकात शहराच्या नावाची लाल अक्षरं आणि मध्ये बदाम आहे, त्यातलं एक अक्षर दुसऱ्याच आठवड्यात पडलं. तिथे चर्चा अजिबात झाली नव्हती.

पुढे जुन्या टेलिफोन बूथमध्ये पुस्तकांचं कपाट. पुस्तक न्यावं, दुसरं आणून ठेवावं. कुलूप नाही, रजिस्टर नाही. मी मुद्दाम बघितलं, दिवाही शाबूत होता. मग ज्येष्ठांसाठी व्यायामाची यंत्रं. मग सांस्कृतिक भवन, पुढून सगळी काच. त्यात वर्षातून एकदा 'विविध देशांची संध्याकाळ' होते. त्या संध्याकाळी सुनीता, माझी बहीण, दोनशे समोसे तळते आणि श्रीकांतराव कुर्ता घालून पावभाजी या पदार्थाविषयी दहा मिनिटं बोलतात.

"पण तुम्ही तर जर्मन पासपोर्ट घेतलात ना?"

"चार वर्षं झाली."

"मग?"

"पासपोर्ट बदलला, समोसे सुटले नाहीत," सुनीता मागून म्हणाली.

हे सगळे हसण्यावारी नेत होते, पण निवडणुकीचं मूळ इथे होतं, हे माझ्या लक्षात आलं. तेरा वर्षं या गावात राहून, कर भरून, हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ सकाळी सातच्या आत झाडून श्रीकांतराव अजून गावाचे पाहुणेच होते. त्यांना एकदा कुर्ता न घालता गावासमोर बोलायचं होतं.

शेवटी बाग. घसरगुंडी नवी होती. झोक्यांशेजारी अनवाणी चालण्याची वाट केली होती: आधी गोटे, मग खडी, मग चिखल, मग लाकडाचे तुकडे. लोक बूट काढून, एकमेकांचा हात धरून त्यावरून चालत होते आणि मध्ये मध्ये डोळे मिटून श्वास घेत होते. आमच्याकडे बाजारपेठेचा रस्ता हुबेहूब असाच आहे, आणि त्यासाठी मला लोकांनी चार वेळा घेराव घातला होता.

वाटेच्या टोकाला लाकडी कपाटासारखं काहीतरी उभं होतं. आत बांबूच्या नळ्या, भोकं पाडलेले ओंडके, गवताच्या पेंढ्या.

"किड्यांचं हॉटेल," श्रीकांतराव म्हणाले. "मधमाश्या, भुंगे, असे सगळे राहायला येतात. हेर क्राउस यांनी, हेर म्हणजे श्रीयुत, स्वतः बांधलंय. निवडणुकीत आमच्याच यादीवर पाचव्या क्रमांकावर आहेत. वीस वर्षं नगरसेवक."

त्याच्या शेजारी कुत्र्यांच्या विष्ठेसाठी पिशव्यांचा डबा होता, भरलेला, झाकणासकट. मी चारी बाजूंना बघितलं.

"आणि शौचालय?"

श्रीकांतरावांनी बागेच्या कडेच्या बैठ्या इमारतीकडे बोट दाखवलं. ती जिम्नॅस्टिकवाल्या फेराइनची. फेराइन म्हणजे आपलं मंडळ, फक्त यांची मंडळं इतिवृत्त लिहितात. इमारतीला बाहेरून एक दार होतं, त्यामागे दोन शौचालयं होती, पाणी होतं, सगळं होतं. दाराला कुलूप होतं.

"का?"

"किल्ली फेराइनची, बाग नगरपालिकेची. साफ कोणी करायचं हे दहा वर्षांत ठरलं नाही. तोच माझा मुद्दा आहे निवडणुकीत. नवीन काही बांधू नका, हे दार उघडा."

आमच्या एसटी स्टँडजवळ असंच एक शौचालय आहे. त्याच्या संगमरवरी पाटीवर उद्घाटक म्हणून माझं नाव आहे. दाराला कुलूप आहे. हे मी त्या वेळी बोलले नाही.

"म्हणजे किड्यांची सोय झाली, कुत्र्यांची झाली," मी म्हटलं. "आता माणसांची कधी?"

श्रीकांतराव थांबले. "ताई, हे पुन्हा म्हणा." आणि त्यांनी खिशातून वही काढली.

शनिवार

तिथल्या निवडणुकीची रीत समजून घ्यायला मला दोन कप चहा लागले. नगरपरिषदेत अठरा जागा. प्रत्येक यादीवर अठरा नावं. मतदाराला एक नाही, अठरा मतं, आणि एका उमेदवाराला त्यातली तीनपर्यंत देता येतात, कुठल्याही यादीवरच्या. यादीला किती जागा मिळाल्या ते आधी ठरतं, मग त्या यादीतले ज्यांना जास्त मतं ते आत जातात. श्रीकांतरावांना त्यांच्या नागरिकांच्या यादीने, म्हणजे कुठल्याच पक्षात नसलेल्यांच्या गटाने, अठरावा क्रमांक दिला होता, म्हणजे शेवटचा. एक नाव कमी पडत होतं म्हणून.

"शेवटच्यालाही लोकांनी तीन तीन दिली तर तो वर चढतो," ते म्हणाले.

"मग लोकांना सांगा की तीन द्या."

"असं कसं सांगणार? बरं दिसत नाही."

हा माणूस पाच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरला घाबरत नाही.

आठवडी बाजारात यादीची छत्री लावली होती. छत्रीखाली टेबल, टेबलावर बॉलपेन. जर्मन मतदार येतो, पेन घेतो, लिहून बघतो, जातो. श्रीकांतराव छत्रीच्या मागच्या दांड्याशी उभे राहून नमस्कारासारखी मान हलवत होते. मी तासभर बघितलं आणि सुनीताला घेऊन घरी गेले. भाजणी मी साताऱ्याहून आणलीच होती. अकरापर्यंत दोन डबे चकल्या तळून आम्ही परत आलो. कागदी पिशवीत तीन तीन चकल्या आणि पिशवीवर मीराच्या अक्षरात श्रीकांतरावांचं नाव, क्रमांक अठरा, आणि माझं वाक्य जर्मनमध्ये.

यादीच्या प्रमुख बाईंनी पिशवी बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, प्रलोभन वगैरे म्हणणार. पण त्यांना वेगळीच काळजी.

"त्या म्हणतायत, यात तीळ आहेत का?" सुनीताने सांगितलं. "कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर पाटी हवी."

पाटी लिहून होईपर्यंत चकली विकणं सोडा, फुकट वाटायलाही बंदी. पाटी लागल्यावर मात्र रांग लागली. चकली हा प्रचाराला उत्तम पदार्थ आहे. पेढा तोंडात टाकून माणूस चालू लागतो, चकली खाताना त्याला तिथेच उभं राहावं लागतं, कारण ती मोडते आणि सांडते. तेवढ्यात श्रीकांतराव दार, किल्ली आणि फेराइन सांगत. दोन लहान मुलांची एक आई पहिलंच वाक्य ऐकून इतकी मोठ्याने "गेनाऊ!" म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, की शेजारचा चीजवाला वळून बघायला लागला.

बाराच्या सुमारास एक उंच, वाळकुडे आजोबा आले. सत्त्याहत्तर वर्षांचे, निवृत्त माळी, नखांत अजून माती. हेर क्राउस. त्यांनी पिशवीवरचं वाक्य वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"किड्यांनी आजवर एकही तक्रार केलेली नाही," ते म्हणाले.

श्रीकांतराव लाल झाले. "हेर क्राउस, तसा अर्थ नव्हता. तुमचं हॉटेल फारच..."

"दोन पिशव्या द्या," क्राउस म्हणाले आणि गेले.

"झालं!" श्रीकांतराव टेबलाला टेकले. "मोठ्या माणसाचा अपमान झाला."

"अहो, ते तुमचे प्रतिस्पर्धी आहेत," मी म्हटलं.

"एकाच यादीवर आहोत, ताई."

"तेच तर! विरोधक दुसऱ्या पक्षात असतात, प्रतिस्पर्धी आपल्याच पक्षात असतो. पाच वर्षांत मी दुसरं काही शिकले नाही."

रविवार

मतपत्रिका पोस्टाने घरी आल्या होत्या. त्या जेवणाच्या टेबलावर पसरून, शांतपणे भरून, मग केंद्रावर जाऊन पेटीत टाकायच्या. आमच्याकडे मतपत्रिका घरी पाठवल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार करत मी टेबल पुसून दिलं.

सुनीताने आपली पाच मिनिटांत भरली. श्रीकांतरावांनी दार लावून घेतलं. फक्त मीराला आत बोलावलं, कारण बेरीज अठराच्या वर गेली तर पत्रिका बाद होते आणि त्यांना स्वतःच्या बेरजेवर भरवसा नव्हता. अर्ध्या तासाने बापलेक बाहेर आले. मीराचा चेहरा विचित्र होता.

"काय गं, बेरीज जमली का?" मी विचारलं.

"या," म्हणजे हो, एवढंच ती जर्मनमध्ये म्हणाली, आणि वडिलांकडे एकदा बघून आपल्या खोलीत गेली. मावशीशी मराठीत बोलायचं एरवीही ती टाळते, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

केंद्र शाळेत होतं. बाहेर झेंडे नाहीत, रिक्षा नाहीत, बूथवर कुणी कुणाला बघून घेण्याची भाषा करत नाही. मतदान करून लोक आइसक्रीम खायला गेले. मला तर चुकल्यासारखं झालं.

सोमवार

मोजणी राटहाउसच्या सभागृहात, कुणीही जाऊन बसावं. आठ-दहा कर्मचारी कागद लावत होते, मध्ये कॉफीचा थर्मास फिरत होता. श्रीकांतरावांनी रजा घेतली होती. सकाळपासून त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण किती वेळा उघडलं आणि लावलं, ते मी सांगत नाही. शेवटी म्हणाले, "ताई, नाही झालं तरी काही बिघडत नाही."

"बिघडतं," मी म्हटलं. "पुन्हा समोसे."

दुपारी तीनच्या सुमारास यादी फळ्यावर लागली. नागरिकांच्या यादीला पाच जागा. श्रीकांतराव शेवटून उठून सहाव्या क्रमांकावर आले होते. बारा जणांना मागे टाकलं होतं, त्यात प्रमुख बाईंचे यजमानही होते. पाचव्या क्रमांकावर हेर क्राउस. दोघांच्या मतांत फरक दोनचा.

"दोन?" सुनीताने फळ्यावर बोट टेकवून पुन्हा वजाबाकी केली. "अरे, फक्त दोन?"

"चालायचंच," श्रीकांतराव म्हणाले, पण आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा होता.

माझ्या डोक्यात मात्र दुकानदारी हिशोब सुरू झाला. "श्रीकांतराव, तुम्ही स्वतःला किती दिलीत?"

त्यांनी बाटलीचं झाकण पुन्हा उघडलं.

"किती?"

"ताई, स्वतःलाच कोणी मत देतं का?"

"सगळे देतात!" सुनीता इतकी ओरडली की कर्मचाऱ्यांनी थर्मास खाली ठेवला. "मी तुला तीन दिली आणि तू स्वतःला शून्य?"

मी निवडणुकीला उभी होते तेव्हा सकाळी सात वाजता पेटीत पडलेलं पहिलं मत माझं मला होतं. पण हे त्या वेळी सांगून उपयोग नव्हता. माणूस भिंतीला लावलेल्या टेबलासारखा उभा होता.

संध्याकाळी दार वाजलं. हेर क्राउस, हातात स्ट्रॉबेरीचा केक, बागेतल्या स्ट्रॉबेरीचा. आत आले, बूट काढले, बसले. सुनीता माझ्या कानाशी भाषांतर करत होती.

"चांगली लढत झाली," क्राउस म्हणाले. "मी तुम्हाला एक मत दिलं. तीळवाली पिशवी आवडली म्हणून. स्वतःला तीन दिली, अर्थातच. तुम्हीही दिली असतील."

श्रीकांतरावांनी केक कापायला घेतला. तुकडे सारखे व्हावेत म्हणून फारच लक्ष देऊन कापत होते.

आणि मीरा बोलली. जर्मनमध्ये, स्पष्ट, एका वाक्यात. सुनीताने भाषांतर केलं नाही. तिने कपाळाला हात लावला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, बाबांनी स्वतःला एकही दिलं नाही. तीन तुम्हाला दिली."

क्राउसनी काटा बशीत ठेवला. त्यांनी मनात वजाबाकी केलेली मला दिसली, माळी लोकांना बेरीज-वजाबाकी पटकन येते.

"का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वयाने मोठे आहात," श्रीकांतराव म्हणाले. "आणि शनिवारी त्या वाक्यामुळे तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"मला वाईट वाटलं नव्हतं. मी दुसरी पिशवी बायकोला नेली." क्राउसनी काटा पुन्हा उचलला. "पण मग तुम्ही उभे कशाला राहिलात?"

श्रीकांतरावांनी सुरी खाली ठेवली. ते म्हणाले, "ते दार उघडायला."

क्राउसनी केक संपवला, बूट घातले आणि उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "उद्या सहा वाजता माझ्याकडे या. कागदपत्रं घेऊन. आणि चकल्या."

परत आल्यावर

मी जूनमध्ये परतले. श्रीकांतरावांना बाग समितीवर जाणकार नागरिक म्हणून घेतल्याचं सुनीताने कळवलं. म्हणजे बोलायचं, पण हात वर करायचा नाही. हात क्राउस वर करत. एका किल्लीसाठी चार बैठका झाल्या, फेराइनची एक विशेष सभा झाली, साफसफाईचं वेळापत्रक तीन रंगांत तयार झालं. मी फोनवर खूप हसले. मग एक दिवस दुकान बंद करून आमच्या नगरपालिकेत गेले आणि एसटी स्टँडच्या शौचालयाची किल्ली मागितली. कारकुनाने तीन ड्रॉवर उघडले आणि म्हणाला, "मॅडम, उद्घाटनाला तुम्हीच उघडलं होतं ना? मग किल्ली तुमच्याकडेच असेल."

घरी येऊन शोधली. सत्काराच्या शालीच्या घडीत होती. पाच वर्षं. दार उघडलं तेव्हा बिजागऱ्या गंजल्या होत्या, त्या मी दुकानातून नेऊन बदलल्या. आता ते चालू आहे. सकाळी नऊला उघडतं, कधी कधी साडेनऊला.

डिसेंबरमध्ये सुनीताने फोटो पाठवला. बागेतल्या त्या बैठ्या इमारतीचं दार सताड उघडं. फीत नाही, पाटीवर कुणाचं नाव नाही, फक्त वेळा. दाराशी हेर क्राउस लोकरी टोपी घालून उभे, आणि त्यांच्या एक पाऊल मागे श्रीकांतराव, कुर्ता नाही, साधा हिवाळी कोट.

मी लगेच फोन लावला. "अभिनंदन! आत जायचा पहिला मान तुम्हीच घेतलात ना?"



"नाही, ताई," श्रीकांतराव म्हणाले. "हेर क्राउसना म्हटलं, आधी तुम्ही. वयाने मोठे आहेत ना."